रांगेसमोर बोललेलं एक वाक्य

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका गावातल्या दूध संस्थेचं हे प्रकरण. गावाचं, दूध संघाचं (गावोगावच्या संस्थांचं दूध घेणारा तो संघ) आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत. सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची प्रशिक्षणं घेणं हे माझं काम. त्या निमित्तानं मी यात आलो, तोवर बरंचसं घडून गेलं होतं.

पार्श्वभूमी

संस्थेला दूध घालणारे अडीचशेच्या आसपास सभासद. दोन्ही वेळचं मिळून नऊशे लिटर दूध, त्यात म्हशीचं सहाशे. दर दहा दिवसांनी बिल आणि दिवाळीला दूध फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर मिळणारी जादा रक्कम. उसाचा पैसा कारखाना देईल तेव्हा येतो. किराणा, शाळेची फी आणि दवाखाना भागतो तो दहा दिवसांच्या बिलावर, आणि ते बिल बहुतेक घरांत बाईच्या हातात असतं.

म्हशीच्या दुधाचा मूळ भाव ६.० फॅट (स्निग्धांश) आणि ९.० एसएनएफला (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक). तिथून वर प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ फॅटला, पैसे चढत जातात. त्यामुळं पाटीवर नाव चेअरमनचं असलं तरी सभासदाचा रोजचा संबंध येतो टेस्टरशी. तो जो आकडा बोलतो, तो वहीत बसतो.

इथले टेस्टर तात्या. २६ वर्षं याच खिडकीत. सुरुवात केली तेव्हा गर्बरची पद्धत होती : काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच घट्ट लावायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. त्या काळातले ॲसिडचे दोन पांढुरके डाग त्यांच्या उजव्या मनगटावर अजून आहेत. आता मशीन आहे, मिनिटभरात आकडा दाखवतं. पण कुणाची म्हैस कधी व्याली, कुणी ओली वैरण सुरू केली, कुणाच्या घरी शेवटची धार रेडकाला सोडतात (शेवटच्या धारेत फॅट जास्त, ती रेडकाच्या पोटात गेली की किटलीतली फॅट उतरते), हे सगळं तात्यांच्या डोक्यात.

नवे चेअरमन ४१ वर्षांचे. चाकण भागातल्या एका कारखान्यात ११ वर्षं क्वालिटी विभागात काढून, वडील गेल्यावर गावी परतलेले. गावात दोन गट. कुणाचाच माणूस नको म्हणून दोघांनी मिळून यांना बिनविरोध बसवलं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ मला इथंच दिसतं. आपल्याला बुजगावणं म्हणून बसवलंय अशी त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

अडचण

गावात सभासदांना ज्या फॅटनं पैसे दिले जात होते, तिची सरासरी आणि संघाच्या डॉकवर, म्हणजे संघ दूध उतरवून घेतो तिथं, त्याच दुधाला लागणारी फॅट यांत तीन-चार पॉइंटचा फरक पडत होता. संस्था पैसे देई ६.८ चे, संघाकडून मिळत ६.४ चे. थोडी घट सगळ्याच संस्थांना येते, पण ही दर बिलाला दहा हजारांच्या घरात गेली होती. जुनं संचालक मंडळ हा खड्डा दूध फरकाच्या रकमेतून गपचूप बुजवत होतं. म्हणजे सभासदाला दहा दिवसांनी चार पैसे जास्त मिळत आणि दिवाळीला तेच कमी होत. वार्षिक सभेत हे कधी बोललं गेलं नाही. जेवण मात्र दरवर्षी चांगलं असे.

नव्या चेअरमननी महिनाभर बसून आकडे जुळवले. काही ठरावीक घरांची फॅट कायम चढी होती. त्यांनी निष्कर्ष काढला : तात्या माणसं बघून फॅट देतात.

डिसेंबरातली संध्याकाळ, रांगेत चाळीसेक माणसं. एका म्हाताऱ्या बाईची किटली काउंटरवर आली. दोन म्हशी, नवरा नाही, नातू कॉलेजात. गाव तिला काकी म्हणतं. तात्यांनी नमुना लावला, आकडा आला ६.९. दूध मापाच्या बादलीत ओतलं गेलं. चेअरमन पुढं झाले, बादलीतून वाटीभर दूध घेऊन स्वतः मशीनला लावलं. ६.४.

"तात्या, सव्वीस वर्षं असंच चालवलंय काय?"

एवढंच बोलले. आवाजही फार चढा नव्हता असं तिथं असलेले सांगतात. तात्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले, फडक्याची घडी केली, कपाटाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेले. काकी तिथंच उभी. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून

सकाळी टेस्टर नाही. सेक्रेटरीला मशीन येत होतं, पण हात बसलेला नव्हता. सहाला संपणारी रांग पावणेआठपर्यंत चालली. संघाची गाडी थांबली नाही, आणि चार कॅन दूध दुपारपर्यंत फाटलं.

एसटी स्टँडजवळ एका खासगी डेअरीचं संकलन केंद्र होतं, तोवर त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकीची किटली तिकडं गेली. तिच्या मागोमाग भावकीतली अकरा घरं गेली. दहा दिवसांनी बिल काढताना संकलन नऊशेवरून सहाशे वीसवर आलेलं.

चेअरमनना तात्यांचा राग समजत होता; ही घरं का गेली ते समजत नव्हतं. "मी त्यांना कुठं काय बोललो?" असं त्यांनी मलाही विचारलं. त्यांच्या लेखी तो सवाल फक्त टेस्टरला होता. पण ज्या किटलीवर तो विचारला गेला, ती कुणाच्या तरी हातातली होती.

गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचा संघ (आजचं अमूल) १९४६ साली उभा राहिला तेव्हापासून या धंद्याचा पाया एकच : दिवसातून दोनदा, सगळ्यांच्या देखत दूध मोजायचं आणि तपासायचं. डेअरीतली रांग हीच संस्थेची खरी सभा. तिथं कुणाची फॅट उतरली, कुणाच्या दुधात डिग्री (लॅक्टोमीटरवरचा आकडा) कमी लागली, हे तासाभरात गावभर होतं. अशा ठिकाणी "हे खोटं आहे" असं सुचवणं म्हणजे दोन माणसांवर आरोप करणं आहे, आकडा देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर.

समोर असलेले पर्याय

संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. चार वाटा चर्चेत होत्या.

पहिली, तात्यांना कारणे दाखवा नोटीस. एका संचालकाचा यावर फार जोर होता. त्यांचा भाचा सहा महिने घरी बसून होता आणि त्याला मशीन शिकायचं होतं, हे बैठकीत कुणी बोललं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

दुसरी, तात्यांना बोलावून हातापाया पडून परत आणायचं आणि विषय मिटवायचा. घट चालू राहील, पण दूध परत येईल.

तिसरी, मशीनला संगणक आणि काटा जोडून थेट छापील पावती. माणूस मध्येच नको. चेअरमनचा कल इकडं होता.

चौथी सेक्रेटरीनं सुचवली, तीही चाचरत. फरक नेमका कुठं पडतो ते आधी शोधू, तोवर कुणालाच काही बोलायला नको.

चेअरमननी मला फोन केला तो या टप्प्यावर. मला त्यांची आठवण होती. चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरात माझ्या शिबिराला ते आले होते, पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होते. भेटल्यावर त्यांनी वही उघडून दाखवली. माझंच वाक्य, खाली दोन रेघा मारून : "कौतुक चारचौघांत, कानउघाडणी एकांतात." मी काही बोललो नाही. माझ्या धंद्याची मर्यादा अशी दोन रेघांत क्वचितच समोर येते.

त्यांना वाक्य पाठ होतं. पण कारखान्यात ११ वर्षं त्यांना उलटं वळण लागलं होतं : लाइनवर दोष दिसला की तिथल्या तिथं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. तिथं त्याचं बक्षीस मिळालं होतं. त्यात आपण बुजगावणं नाही हे गावाला दाखवायची घाई. त्या संध्याकाळी तोंडातून बाहेर पडलं ते वहीतलं नव्हे.

छापील पावतीबद्दल मी एकच विचारलं. मशीनमध्ये जाणारा नमुना कोण काढणार? पावती आकड्याची येते, नमुन्याची येत नाही. यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तात्या नमुना कसा काढतात, ते मी बघितलंच नाही."

काय केलं

पहिला प्रयत्न फसला. चेअरमन दोन संचालकांना घेऊन तात्यांच्या घरी गेले. तिघं जण पांढऱ्या कपड्यांत सोप्यावर बसले की समेटाची बैठक वाटणारच. तात्यांनी चहा दिला, म्हशींच्या भावाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, आणि "बरं, येतो आम्ही" म्हणेपर्यंत डेअरीचं नाव काढलं नाही. जाताना "चेअरमनसाहेब, सावकाश जावा" म्हणाले. ज्या पोराला त्यांनी वडिलांबरोबर रांगेत उभं राहिलेलं बघितलंय, त्याला साहेब म्हणणं ही शिवीच होती.

दुसऱ्या खेपेला ते एकटेच गेले, पहाटे पाचला, थेट गोठ्यात. तात्या धार काढत होते. चेअरमननी कोपऱ्यातली वैरणीची पेंढी सोडली आणि म्हशीपुढं टाकली. मग उकिडवं बसून म्हणाले, "तात्या, रांगेसमोर बोललो, चुकलं. माफीबी रांगेसमोरच मागतो."

तात्यांनी धार थांबवली नाही. "माझं ऱ्हाऊ दे. म्हातारीकडं जा आदी."

"साहेब" गेलं होतं, "जा" आलं होतं.

मग चेअरमननी नमुना कसा घेतात ते विचारलं. म्हणजे दीड महिना उशिरा. तात्यांनी सरळ सांगितलं. पूर्वी दूध बादलीत ओतून, ढवळून मग नमुना घ्यायचो. सभासद वाढले, रांग रस्त्यावर जायला लागली, तेव्हा जुन्या चेअरमननी सांगितलं की वेळ वाचवा. तेव्हापासून माप चालू असतानाच मागच्याची किटली उघडून वरच्या वर पळीभर दूध घ्यायचं. रांग लवकर हलू लागली म्हणून सभेत टाळ्याही वाजल्या होत्या.

इथं कोडं सुटलं. दूध स्थिर राहिलं की स्निग्धांश वर येतो. पहाटे चारला धार काढून पहिला नंबर लावणाऱ्यांची किटली रांगेत तासभर उभी असायची. त्यांच्या वरच्या थरातल्या पळीला फॅट जास्त लागे. उशिरा, ताजं दूध घेऊन येणाऱ्यांना कमी. चढ्या फॅटची "ठरावीक घरं" म्हणजे लवकर येणारी घरं होती. काकी तर कायम पहिल्या पाचांत. चेअरमननी त्या संध्याकाळी दूध घेतलं होतं ते बादलीतून, म्हणजे ओतताना ढवळलेलं. ६.९ खरं होतं आणि ६.४ सुद्धा खरं होतं. शिवाय मशीनचं गर्बरशी ताळमेळ घालून कॅलिब्रेशन वर्षभर झालं नव्हतं, त्याचा एखादा पॉइंट वेगळा.

काकीकडचं बोलणं लांबलं नाही. चेअरमन म्हणाले, काकी, मी तुमच्या दुधाबद्दल काही बोललो नव्हतो. ती म्हणाली, "न बोलताच बोललास की रं." त्यावर त्यांनी समजावून सांगण्याचा मोह आवरला, आणि या सगळ्या प्रकरणातली त्यांची ही सगळ्यात चांगली कृती होती असं माझं मत आहे. वरचा थर, खालचा थर, ६.९ आणि ६.४ हे सगळं जिभेवर होतं. ते फक्त "व्हय, चुकलं" म्हणाले.

ती परत आली नाही. खासगी डेअरीकडून पेंडीसाठी उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत दूध तिकडंच घालणं भाग होतं. पश्चात्तापानं उचल फिटत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी डेअरीत प्रयोग झाला, तो तात्यांच्या हातून. चेअरमननी स्वतःच्या घरची किटली पहाटेपासून आणून काउंटरवर ठेवली होती. तात्यांनी तीन नमुने काढले : वरून, ढवळून, आणि तळातून नळीनं. संघाचा सुपरवायझर शेजारी गर्बरवर तेच तपासत होता. तीन वेगळे आकडे रांगेनं डोळ्यांनी बघितले. मग चेअरमननी माफी मागितली, दोन वाक्यांत. तात्या मान खाली घालून मशीन पुसत राहिले.

जड निर्णय

आता खरी पंचाईत. ढवळून नमुना घ्यायचा म्हटल्यावर लवकर येणाऱ्या सगळ्यांची फॅट चांगलीच उतरणार. आधीच दूध गेलेलं, त्यात बिल कमी आलं तर उरलेलेही जातील. काही संचालकांचं म्हणणं, हळूहळू करू, कळणारही नाही.

चेअरमननी ते मानलं नाही. नवी पद्धत लागू करण्याच्या आठ दिवस आधी तालमीच्या हॉलमध्ये बैठक बोलावली, बायकांना सोयीची म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर. फळ्यावर तीनच आकडे लिहिले : मागच्या वर्षीची घट, त्यामुळं कमी झालेला दूध फरक, आणि पद्धत बदलल्यावर एका लिटरमागं बिलात पडणारा फरक. बिल उतरेल हे आधी सांगितलं, दिवाळीला फरक वाढेल हे नंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. गोड आधी सांगितलं असतं तर लोक कडूची वाट बघत बसले असते.

एक बाई उठून म्हणाल्या, "दिवाळीला दिलं न्हाईसा तर?" चेअरमन म्हणाले, सप्टेंबरच्या सभेत हिशेब तुम्हीच वाचायचा. खरंच तसं केलं. ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत घटीचं पान त्याच बाईंनी मोठ्यानं वाचलं. जरा अडखळत, पण वाचलं.

वेगळं काय करता आलं असतं

त्या संध्याकाळी चेअरमनकडं महिन्याचे आकडे होते, घाई नव्हती. रांग संपल्यावर "तात्या, मला एकदा नमुना काढून दाखवा" एवढं म्हटलं असतं तर अर्ध्या तासात उत्तर मिळालं असतं. आकड्यांनी फरक दाखवला होता, कारण दाखवलं नव्हतं. मधली जागा संशयानं भरली.

किल्ली काउंटरवर पडली तो दुसरा क्षण. त्याच रात्री एकट्यानं जाता आलं असतं. ते बारा दिवस थांबले, का तर आधी आपलं म्हणणं पुराव्यानिशी पक्कं करायचं होतं. त्या बारा दिवसांत उचली वाटल्या गेल्या.

सेक्रेटरीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. योग्य वाट त्यानंच सुचवली होती, पण बैठकीच्या शेवटी आणि चाचरत. त्याला नमुन्याची पद्धत आधीपासून माहीत होती, हे नंतर कळलं. का बोलला नाही विचारल्यावर म्हणाला, कुणी विचारलंच नाही. नवा चेअरमन पहिल्या महिन्यात वह्या वाचत होता. एक दिवस सेक्रेटरीशेजारी स्टूल टाकून बसला असता तर?

माझीही एक चूक. प्रशिक्षणात मी वाक्यं देतो. हल्ली निम्मा वेळ उभं करून बोलायला लावतो : समोर वयानं मोठा माणूस, मागं रांग, हातात चुकीचा आकडा, आता बोला. पहिल्या फेरीत जवळपास सगळे चेअरमनचं तेच रांगेसमोरचं वाक्य बोलतात.

सध्या

चार महिन्यांत संकलन साडेआठशेपर्यंत आलं. घट आता एका पॉइंटच्या आत असते. दिवाळीला फरक वाढून मिळाला, अपेक्षेपेक्षा थोडा कमीच, कारण मधल्या काळातलं गेलेलं दूध. तात्या परत खिडकीत आहेत आणि गावातल्या एका सुनेला काम शिकवताहेत. भाचा अजून घरीच आहे, आणि त्याचे मामा संचालक "चेअरमन वाकला" असं अजून सांगत फिरतात. तात्या आणि चेअरमन कामापुरतं बोलतात. पूर्वीसारखं झालं असं म्हणता येणार नाही.

काकीची उचल फिटली. ती स्वतः अजून आलेली नाही, नातवाला पाठवते. पहिल्या दिवशी पोरानं किटली काउंटरवर ठेवली, झाकण काढलं आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तात्यांना म्हणाला, "आज्जीनं सांगितलंय, नीट ढवळून घ्या म्हणावं. सगळ्यांसमोर."